गंगाखेडचा कालवा

परभणीहून परळीकडे निघालेली गाडी पोखर्णी मागे टाकून गोदावरीच्या पुलावर आली, की डब्यातल्या बायका नदीला हात जोडतात. पुलापलीकडे गंगाखेड, संत जनाबाईंचं जन्मगाव. घाटावर त्यांचं दर्शन घेऊन मी रिक्षानं कालव्याकडे निघालो.

पैठणला नाथसागर धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. तिथून १३२ किलोमीटरचा उजवा कालवा माजलगावच्या धरणात पाणी सोडतो आणि माजलगावचा उजवा कालवा ते गंगाखेडकडे आणतो. इतकं कागदांत सापडतं. माती कुणी उपसली, ते विचारायला माणसंच गाठावी लागतात.

भरावावर एक म्हातारी शेळ्या चारत होती. "मावशी, हे खणताना पाहिलंय का?"

"पाहिलंय? म्या खणलाय की! मालक टिकाव मारायचे, म्या घमेलं भरून वर टाकायचे. लेकरू बाभळीला झोळीत."

मजुरी मातीच्या मापावर. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. खणताना मधे मातीचा एक खुंट तसाच राखायचा, त्याच्या उंचीवरून खोली धरायची. खड्डा खोल जाईल तसतशी घमेलंवालीची चढण वाढत जायची. म्हणून तिला जुन्या कामाचं आठवतं ते गुडघ्यांचं दुखणं. गाढवं घेऊन आलेल्या वडारांची पालंही तिला आठवतात. माती कुठे बसेल, कुठे ढासळेल हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं, असं ती आदरानं सांगते. इथली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात तडकते. मुरुमाचा थर नीट दिला नाही, तर काँक्रीटचं अस्तर उचकटतं. समोर दोन फरशा तशाच कलंडल्या होत्या.

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला, तशी ती दुष्काळी कामांवर खायला मिळणाऱ्या सुकडीवर आली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, त्यामागे या घामाचा वाटा फार मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं.

तिची दोन्ही मुलं आजही दसऱ्यानंतर उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जातात.

"कॅनॉलचं पाणी मिळतं का तुम्हाला?"

"वावरच न्हाई, तर पानी कुठं घ्यावं बाबा?"

ज्यांनी कालवा खणला, त्यांच्यातले कित्येक भूमिहीनच राहिले, ही गोष्ट मला फार लागली. जुने हजेरीपट रद्दीत जाण्याआधी कुणीतरी उघडायला हवेत आणि ही माणसं आहेत तोवर गावोगाव बसून त्यांच्या तोंडून कालव्याची हकिकत उतरून घ्यायला हवी. मी भरावावरच वही काढली. कुठल्या पट्ट्यात खडक लागला, कुठे सुरुंग उडवले, कुणाचा पाय गेला, हे ती सांगत गेली. शेळ्या पांगल्या, तेव्हा ती उठली. "उद्या ये. माझ्या जावेलाबी लई ठावं हाय."