खांबावरचा झगा

रेम्ब्रांटच्या चित्रशाळेतून 1655 मध्ये बाहेर पडलेल्या, आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात असलेल्या तैलचित्रात मोहाचा क्षण नाही. तो उलटून गेला आहे. उजळलेल्या पलंगाशेजारी खुर्चीत घरधनीण, तिच्या मागे नवरा पोटीफर, पलीकडच्या अंधारात चाकर योसेफ. त्याच्या कमरेला घरच्या किल्ल्या आहेत. बाई दाखवते आहे पलंगाच्या खांबावरचा तांबडा झगा.

कथा बायबलच्या 'उत्पत्ती'मधली, 39व्या अध्यायातली. भावांनी विकलेला योसेफ मिसरमध्ये पोटीफरचा कारभारी होतो. मालकीण रोज गळ घालते, तो रोज नकार देतो. एकदा ती वस्त्र धरते, तो ते तिच्या हाती सोडून पळतो. तेच वस्त्र पुढे त्याच्यावरचा पुरावा ठरते. बरोक चित्रकारांना या कथेतली ओढाताणच जास्त भावली. चिगोली, ग्विदो रेनी यांनी तीच रंगवली. उपदेशाच्या आडून देह रंगवण्याची सोयही त्यात होतीच. खुद्द रेम्ब्रांटने 1634 च्या अम्लरेखनात मालकीण उघडीवाघडी दाखवली होती. एकवीस वर्षांनी मात्र त्याने आरोप निवडला आणि ग्रंथात त्या वेळी हजर नसलेल्या योसेफाला मुकाट समोर उभे केले.

याच कथेच्या कुराणातल्या रूपात युसूफचा, म्हणजे योसेफाचा, सदरा मागून फाटलेला निघतो, म्हणून तो निर्दोष ठरतो. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाच्या जैन परंपरेला याच घाटाची कथा ठाऊक आहे: चंपानगरीचा सुदर्शन शेठ. ध्यानस्थ शेठला राणी अभया महालात आणवते. तो बधत नाही, तेव्हा स्वतःला ओरबाडून टाहो फोडते. मारेकऱ्यांचे वार फुलांच्या माळा होतात. नयनंदीने 1043 मध्ये धारानगरीत यावर 'सुदंसणचरिउ' हे अपभ्रंश काव्य रचले. कारंजाच्या ग्रंथभांडारांतली अपभ्रंश काव्ये उजेडात आणणाऱ्या हीरालाल जैन यांनीच पुढे ते संपादित केले.

योसेफासाठी मात्र ना फाटका सदरा, ना माळा. त्याच्या वाट्याला तुरुंग येतो. बर्लिनमधल्या याच विषयाच्या, याच वर्षीच्या चित्रात तो निदान वर आकाशाकडे पाहतो. वॉशिंग्टनच्या चित्रात शिष्याचा हात असल्याचे जाणकार मानतात. तरी दैवी साक्षीचा आधार न घेता निव्वळ उभा राहणारा तिथला योसेफच जास्त पटतो.