फटीतली हवा

कीर्तनसेवेला फिरताना आमचा मुक्काम जुन्या पेट्रोल व्हॅनमध्येच असे. एका वारीत ती उभ्या जागी थरथरू लागली. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळे. "रॉकेल मिसळतोस काय रे?" मी चारचौघांत ड्रायव्हरला बोललो. तो गप्प राहिला.

मिस्त्रीने प्लग काढून पाहिले, ठीक होते. मग मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळीच्या चिरेवर त्याने बोट दाबले, अन् इंजिन शांत झाले. तिथून जादा हवा शिरून मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. नळी बदलली.

ड्रायव्हरची क्षमा मात्र मी मागितली नाही. पुढच्या वारीला तो आला नाही. माउली, चीर माझ्यातही होती. तिच्यावर बोट ठेवायला मला फार उशीर झाला.