‘बघतो’ म्हटले खरे

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात एक वाद हटकून होतो, आणि तो होतो करंजीच्या सारणावरून. आईच्या मते सारण ओल्या नारळाचेच हवे. पत्नीच्या मते सुके खोबरे बरे, कारण ते टिकते. या वादात मी कधी पडत नाही. दोन्ही करंज्या मीच खाणार असल्यामुळे तटस्थ राहण्यात माझा फायदा असतो.

गेल्या दिवाळीत मात्र सारणाचा वाद मागे पडला. करंज्या भरायला माझ्या मुलीच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, एक उंच नि एक चष्मेवाली. हात करंज्यांवर चालले होते आणि तोंडे भलत्याच विषयावर. चष्मेवालीने जपानी चित्रमालिका, ज्यांना ही मुले ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात, अजून एकही पाहिली नव्हती. सुट्टी हाताशी होती. तेव्हा तिने सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न होता. आणि त्यावर उरलेल्या दोघी अशा तावातावाने बोलत होत्या की, बाहेर झोपाळ्यावर बसलेला मी हातातले वर्तमानपत्र ठेवून कान देऊन ऐकू लागलो.

उंच मुलगी म्हणत होती, “‘डेथ नोट’नंच सुरू कर. सदतीसच भाग आहेत. वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो. पहिल्याच भागात अडकशील.”

“नको गं! ती अंधाराला भिते,” माझी मुलगी म्हणाली. “शिवाय अर्ध्याच्या पुढे त्यात दम राहत नाही. तिला ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ दाखवू या. दोघा भावांची गोष्ट आहे. मेलेली आई परत आणायला जातात आणि स्वतःचंच शरीर गमावून बसतात.”

“कुठलं? २००३चं की २००९चं?”

झाले! सारणापेक्षा बिकट वाद निघाला. त्याचे मूळ मला मागाहून समजले. तिकडे बहुतेक मालिका आधी ‘मांगा’ म्हणून, म्हणजे चित्रकथा म्हणून मासिका-साप्ताहिकांतून क्रमशः येतात आणि मग पडद्यावर जातात. ही चित्रकथा २००१ साली सुरू झाली आणि २०१० साली संपली. २००३ साली पहिली मालिका निघाली तेव्हा मूळ कथा अर्धीही झालेली नव्हती. मग पडद्यावरच्या मंडळींनी आपली वेगळीच वाट काढली आणि एक्कावन्न भागांत शेवट करून टाकला. २००९ साली तीच कथा नव्याने, मुळाबरहुकूम, चौसष्ट भागांत काढली. आता आधी पहिली पाहून मग दुसरी पाहावी, की एकदम दुसरीलाच हात घालावा? दोघींची मते दोन टोकांना. चष्मेवालीच्या हातातली करंजी तेवढ्यात उलली.

पुढे ‘नारुतो’चा विषय निघाला नि ‘फिलर’ नावाचा एक शब्द माझ्या कानांवर आला. पडद्यावरची मालिका धावत धावत चित्रकथेच्या पाठीशी येऊन ठेपली की, पुढे दाखवायला कथाच शिल्लक राहत नाही. मग मूळ लेखक पुढे जाईपर्यंत मधे इकडचे तिकडचे भाग घालून वेळ काढतात. त्याला म्हणतात फिलर. कोणते भाग गाळले तरी चालतात याच्या याद्या या मुलांजवळ असतात. हे ऐकून मी झोपाळ्यावर जरा सावरून बसलो. एका मासिकात माझी कादंबरी क्रमशः येत असताना कथा आटली म्हणून नायकाला दोन प्रकरणे पंढरपुरास पाठवून देण्याचे पाप मी केलेले आहे. त्या प्रकरणांची यादी कोणी केली नाही, एवढेच.

“आणि ‘वन पीस’?” चष्मेवालीने भीत भीत विचारले.

“ते नको. १९९९पासून चाललंय. अकराशेच्या वर भाग झालेत.”

मी मास्तर. मनातल्या मनात हिशेब केल्यावाचून राहवेना. एक भाग चोवीस मिनिटांचा धरला तर अकराशे भागांना चारशे चाळीस तास. “न झोपता, न जेवता पाहत बसलात तरी अठरा दिवस लागतील,” मी बाहेरून ओरडलो.

“अठरा दिवस? म्हणजे भारती युद्धच की!” आई आतून म्हणाली.

आईने जन्मभर चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ ऐकलेला. मुली एकमेकींना सारख्या बजावत होत्या, “पुढचं सांगू नकोस हं, शेवट फोडू नकोस!” तिला याचे मोठे नवल वाटत होते. “अगं, शेवट ठाऊक असला म्हणून काय झालं? दुर्योधन मरणार हे मला सत्तर वर्षं ठाऊक आहे. तरी दरसाल वाटतं, मेला ऐकेल कृष्णाचं या खेपेला!”

मुली हसल्या. मीही उठून माजघराच्या दाराशी आलो आणि म्हणालो, “आमच्या वेळी हा घोळ नव्हता. काय पाहावं हा प्रश्नच नसायचा. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ लागायचं. साऱ्या वाड्यात एक टी.व्ही. भांडण व्हायचं ते पुढं कोणी बसायचं याचं. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. ते काय चित्र होतं! नाही तर तुमचं हे जपानी!”

उंच मुलीने माझ्याकडे दयार्द्र नजरेने पाहिले. “सर, ते जपानीच होतं.”

मी गप्प झालो. खरोखरच ते जपानी होते. १९८९ साली तिकडे तयार झालेले, बावन्न भागांचे. आमच्याकडे आले ते हिंदीचे कपडे घालून. ज्या मोगलीला मी सातवीत असताना सख्खा भाऊ मानले, तो टोकियोहून आला होता हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन्ही हात पिठाने भरलेल्या एका मुलीकडून कळले.

त्याच वेळी माझी मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्यासाठी पण एक आहे. मी केव्हाचं काढून ठेवलंय. ‘बाराकामोन’. बाराच भाग आहेत. नावातही बारा, म्हणजे विसरायची सोय नाही.”

मला मघाचा पराभव भरून काढायचा होता. मी म्हणालो, “बघतो. पण त्या बशीएवढ्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायचं आता माझं वय राहिलं नाही.”

मैत्रिणी हसल्या. ती हसली नाही. खाली मान घालून ती करंजीच्या कडेला मुरड घालीत राहिली.

आपल्या भाषेत ‘बघतो’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. वर्गणीवाला आला की आपण म्हणतो, बघतो. मेव्हण्याने स्थळ सुचवले की म्हणतो, बघतो. या शब्दाचा अर्थ ‘बघणार नाही’ असा आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले, मार्चमध्ये तिची बारावी झाली. पुन्हा तिने मला काही बघायला सांगितले नाही. मला वाटले, पोर विसरली.

जूनच्या अखेरीस ती शिकायला मुंबईला गेली. एस.टी.त बसण्याआधी तिने माझ्या हातात एक कागद दिला. आजीच्या गोळ्या कोणत्या वेळी द्यायच्या, मोबाईलवरून विजेचे बिल कसे भरायचे, गॅसचा नंबर कुठे लिहून ठेवला आहे, असे सगळे त्यावर व्यवस्थित क्रमवार लिहिलेले होते. घरी येऊन तो मी दोनदा वाचला. त्यात न्यून काहीच नव्हते. पण काहीतरी नव्हते खरे. मैत्रिणींना निरोप देताना तिने काय काय पाहा हे बोटे मोडून सांगितलेले मी ऐकले होते. मला फक्त गोळ्या आणि बिले!

मग फोन सुरू झाले. “जेवलीस का?” “हो.” “पैसे पोचले?” “हो. आजीला देऊ का?” संपले. कुणी आपल्याशी भांडले तर त्याची समजूत काढता येते. कुणी आपल्याला काही सुचवायचेच सोडून दिले तर कुठून सुरुवात करावी?

श्रावणातल्या एका रविवारी पाऊस लागून राहिला होता. मी मोबाईल घेऊन बसलो. नावात बारा होते म्हणून नाव आठवले. तिचे म्हणणे खरे झाले.

बोलणे जपानी आणि खाली अक्षरे इंग्रजी. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, त्यांत इंग्रजीचे काम पडले नाही. ओळ वाचून अर्थ लावीपर्यंत ती नाहीशी होई. मी चित्र थांबवून वाचू लागलो. चोवीस मिनिटांचा पहिला भाग पाहायला मला सव्वा तास लागला.

गोष्ट एका तरुण सुलेखनकाराची आहे, कुंचल्याने अक्षरे काढणाऱ्याची. प्रदर्शनात एक वृद्ध जाणकार त्याच्या अक्षरांना म्हणतो की, ही पुस्तकी आहेत, ठरीव साच्याची आहेत. तो तरुण संतापून त्या म्हाताऱ्यावर हात टाकतो. त्याचा बाप त्याला दूर गोतो बेटांवरच्या एका खेड्यात पाठवून देतो. तिथे गावची पोरे त्याच्या घरात केव्हाही घुसतात. त्यांतली एक सात वर्षांची चिमुरडी त्याला एका उंच भिंतीवर चढायला लावते. चढल्यावाचून पलीकडचे दिसत नाही, हे तिचे साधे म्हणणे. तो चढतो, आणि पलीकडे समुद्रावर सूर्य मावळत असतो.

मी मोबाईल खाली ठेवला.

चार वर्षांपूर्वी माझ्या कादंबरीवर एका परीक्षकाने लिहिले होते की, सारे कसे घोटीव नि हिशेबी आहे. मी कुणावर हात टाकला नाही. पण दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही, ताटावरून उठून गेलो. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. दाराआडून सारे पाहत होती. मला कोणीही धड सांगू शकले नाही ते सांगणारी गोष्ट तिने पुढे कुठेतरी शोधली, माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली, योग्य वेळेची वाट पाहिली, आणि चार माणसांत धीर करून मला सांगितली. त्यावर मी बशीएवढ्या डोळ्यांचा विनोद केला.

एरवी मी वर्गात मुलांना सांगतो की, चित्र नीट पाहिल्याशिवाय बोलू नये. हे चित्र मी आता नीट पाहिले. जपानी कारागीर खर्च नि वेळ वाचवण्यासाठी एकच चित्र पडद्यावर तीन-तीन चौकटी टिकवतात. सेकंदाला चोवीस चौकटी, पण चित्रे पुष्कळदा आठच. बाकी सारे स्थिर, ओठ तेवढे हलतात. मग चेहऱ्यावरचे दुःख दाखवायचे कशात? डोळ्यांत. तेवढे मोठे डोळे उगाच काढलेले नसतात.

आणि माजघरातला तो वादही मला नव्याने समजला. ‘हे पाहा’ असे सांगणारा माणूस नुसती मालिकेची शिफारस करीत नसतो. मला हे आवडते, आणि तू कोण आहेस हे मला थोडेसे कळले आहे, असे तो सांगत असतो. मैत्रीण अंधाराला भिते हे ठाऊक असल्याखेरीज ‘डेथ नोट नको’ म्हणता येत नाही. म्हणून तर मुले एवढी तावातावाने भांडतात. आपली आवड नाकारली गेली की आपणच थोडेसे नाकारले जातो.

बारा भाग पाहायला मला तीन आठवडे लागले. ‘बाराकामोन’ म्हणजे त्या बेटांवरच्या बोलीत उत्साहाने फुललेला माणूस, असा अर्थ निघाला. शेवटचा भाग झाला त्या रात्री मी मुंबईला फोन लावला. जेवलीस का विचारले नाही. म्हणालो, “बाराकामोन संपवलं.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “तुम्ही? सगळं?”

“सगळं. पण पहिलाच भाग सर्वांत चांगला आहे. ती भिंत आहे ना...”

“काहीतरीच काय, बाबा! पहिला चांगला आहे, पण शेवटचा त्याच्याहून चांगला. तुम्ही घाईनं पाहिला असणार.”

“घाईनं? सव्वा सव्वा तास लागलाय एकेकाला!”

अर्धा तास आम्ही भांडलो. इतके दिवस साचलेले बोलणे त्या भांडणात वाहून गेले. फोन ठेवताना मी म्हणालो, “त्या दिवशी तुझ्या मैत्रिणींसमोर मी बोललो ते बरोबर नव्हतं.” ती म्हणाली, “असू द्या हो,” आणि लगेच पुढे म्हणाली, “आता ‘फ्रीरेन’ बघा. पहिला हंगाम अठ्ठावीस भागांचा आहे.”

अठ्ठावीस भाग, सव्वा तासाप्रमाणे पस्तीस तास झाले. मी हिशेब केला आणि म्हणालो, “बघतो.”

ती क्षणभर थांबली. मग मीच घाईघाईने सांगितले, “खरंच बघतो गं.”

या दिवाळीला ती चार दिवस घरी येणार आहे. ओला नारळ नि सुके खोबरे दोन्ही आणून ठेवले आहे. माझे अकरा भाग झाले आहेत. सारणाच्या वादात मी यंदाही पडणार नाही, पण दुसऱ्या वादाची माझी तयारी चालू आहे. आईला मात्र मी सारी गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहे. तिची काही हरकत नाही.