गोलाच्या आत

वॉटर्लूची लढाई वॉटर्लूला झालीच नाही. ती झाली तिथून चार-पाच किलोमीटर दक्षिणेला, आज ब्रेन-लाल्यू नगरपालिकेच्या हद्दीत येणाऱ्या शेतांमध्ये. वॉटर्लू गावात इंग्रज सेनापती वेलिंग्टनचा मुक्काम होता. विजयाचा खलिता त्याने तिथे लिहायला घेतला आणि खलित्यावर जे गाव होते तेच लढाईला चिकटले. मराठीत एखाद्याचे ‘पानिपत’ होते, तसे इंग्रजीत ‘वॉटर्लू’ होते. त्या गावाने यासाठी काहीच केलेले नाही.

ब्रसेल्सहून पाहायला येणारे लोक गाव मागे टाकून शेतांतल्या मातीच्या टेकाडापाशी उतरतात. टेकाडावर सिंह आहे. पायथ्याशी एक बसकी, गोल इमारत आहे. सिंहाचा फोटो सगळे काढतात. गोल इमारतीत मात्र बरेच जण तिकिटात आहेच म्हणून शिरतात. दोन मिनिटांत बाहेर पडू, असा बेत असतो.

आत प्रकाश कमी होतो. मग जिना, आणि जिना संपला की माणूस एकदम लढाईच्या मध्यभागी उभा राहतो. समोर घोडे, मागे वळावे तरी घोडे, डावीकडे धूर, उजवीकडे लाल डगले. टापांचा, तोफांचा, बिगुलांचा आवाज चालू असतो. ११० मीटर लांब आणि १२ मीटर उंच, म्हणजे चौमजली इमारतीएवढे एकच चित्र वर्तुळात टांगलेले आहे. त्याला डावी कड नाही आणि उजवीही नाही. चौकट असली की माणूस चित्राबाहेर सुरक्षित असतो. इथे ती सोयच ठेवलेली नाही.

हा खेळ जुना आहे. एडिंबरामध्ये राहणाऱ्या रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी गोल इमारत बांधली. ‘पॅनोरामा’ हा शब्दही त्याच सुमाराचा, जुन्या ग्रीकमधून जुळवलेला. युक्त्या मोजक्याच, पण पक्क्या. प्रेक्षकाला अंधारातून आणायचे म्हणजे बाहेरचा उजेड तो विसरतो. प्रकाश वरून, पण तो कुठून येतो हे दिसू द्यायचे नाही. चित्राची वरची कड छताआड झाकायची, खालची कड खऱ्या मातीआड. कापड इतके जड की वरून टांगून खालून ताणले की मधला भाग आपसूक आत, पाहणाऱ्याकडे झुकतो. त्या झुकण्याने आकाश आणखी मागे गेल्यासारखे भासते. हा दोष म्हणावा की देणगी, हे ठरवणे कठीण.

वॉटर्लूत सगळ्यांत जास्त वेळ जातो तो खालच्या कडेपाशी. कठड्यावरून वाकले की जमिनीवर खरी माती, मोडके लाकूड, पडलेले घोडे, पडलेली माणसे. सगळे पुतळे, आणि वर्षानुवर्षांची कळा अंगावर घेतलेले. त्यांच्यामागे कुठेतरी खरी माती संपते आणि रंगवलेली सुरू होते. तो सांधा डोळे शोधत राहतात. सापडला असे वाटते, मान जराशी हलवली की पुन्हा हरवतो. लहान मुले या कामात मोठ्यांपेक्षा हुशार असतात. ती थेट बोट दाखवतात आणि घरच्यांची मजा घालवतात.

हे चित्र १९१२ चे, लढाईची शताब्दी तोंडावर आलेली असतानाचे. लुई द्यूमुलँ या फ्रेंच चित्रकाराने सहकाऱ्यांच्या मदतीने ते केले. हा गृहस्थ फ्रेंच नौदलाचा अधिकृत चित्रकार, जपानपर्यंत हिंडलेला, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगप्रवासाचा पॅनोरामा करून दाखवलेला. पण १९१२ म्हणजे उशीरच म्हणायचा. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत गिरगावात ‘श्री पुंडलिक’ हा चित्रपट लागला. चित्रे हलू लागली होती, आणि इकडे एक न हलणारे चित्र लोकांनी स्वतः गोल फिरून पाहावे म्हणून टांगले जात होते.

द्यूमुलँने दिवसातला क्षण कोणता निवडला, हे पाहण्यासारखे आहे. १८ जून १८१५. रात्रभर पाऊस झालेला, जमीन वाळावी म्हणून नेपोलियन थांबलेला, लढाईला तोंड लागले तेव्हा साडेअकराच्या आसपास वाजलेले. संध्याकाळी ब्ल्यूशरचे प्रशियन सैन्य जोरात आले, शाही गार्डही मागे फिरली आणि सगळे संपले. चित्रात यातले काही नाही. चित्रात आहे ती दुपार, फ्रेंच मार्शल ने याने हजारो घोडेस्वार चढावर घातले ती. म्हणजे फ्रेंच हरले त्याच दिवसातली, पण ते अजून हरलेले नाहीत अशी वेळ. शताब्दी विजयाची, आणि वर्तुळभर दौडतात ते पराभूतांचे घोडे. वेलिंग्टन आहे, नेपोलियनही दूरवर आहे; पण नजर जाते ती चिलखती स्वारांकडे.

मराठी डोळ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. इंग्रज पायदळ चौकोन करून उभे आहे: चारही बाजूंना संगिनींचे कुंपण आणि आत मोकळी जागा. आपल्या इतिहासात याला ‘गोल’ म्हणतात. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या सल्ल्याने भाऊसाहेब असाच गोल बांधून निघाले होते, आणि आपलेच स्वार जागा सोडून पुढे धावले म्हणून तो फुटला, असे शाळेपासून सांगितले जाते. वॉटर्लूचे गोल फुटले नाहीत. संगिनींच्या रांगेवर घोडा जात नाही. तो बाजूने वळसा घालतो. फ्रेंच स्वार पुन्हा पुन्हा आले, तोफांच्या रांगेतून पलीकडे गेलेसुद्धा. पण हाती आलेल्या त्या तोफांच्या कानांत खिळे ठोकायचे राहून गेले. स्वार मागे हटले की इंग्रज गोलंदाज गोलातून धावत बाहेर येत आणि त्याच तोफा पुन्हा डागत. मूठभर खिळ्यांवर, हातोडीवर हसावे की रडावे!

आणखी एक धागा आहे, तो थेट मराठवाड्यात जातो. हा वेलिंग्टन म्हणजे बारा वर्षांपूर्वीचा आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळ असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चाल केली. वाटाड्ये सांगत होते, खेळणा नदीला इथे उतार नाही. त्याने पाहिले, दोन काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत. म्हणजे ये-जा असणार, म्हणजे उतार असणार. होता. त्या दिवशी त्याची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, आणि त्याच्या अंगाखालचे दोन घोडे निकामी झाले; तरी जिंकला तोच. म्हातारपणी कुणी विचारले, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू न म्हणता ‘असई’ म्हणाला, असे सांगतात. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा म्होरक्या अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचा. वॉटर्लूला वेलिंग्टनच्या बाजूने लढलेल्यांत हॅनोव्हरच्या पलटणी होत्या. तेव्हाची माणसे आणि तेव्हाच्या नोकऱ्या अशा होत्या.

असईच्या काळ्या रानात असला गोल घुमट नाही. त्यामुळे भोकरदन-जालन्याकडचा कुणी ब्रसेल्सला लेकीकडे आला आणि या कठड्यापाशी उभा राहिला, तर त्याने नेच्या स्वारांकडून असावे यात नवल नाही. पण तसे तर सगळेच असतात. बाहेरच्या दुकानांत चुंबक, कप, पुतळे, तिरप्या टोपीचे खेळण्यातले शिपाई, सगळीकडे नेपोलियन. जिंकलेला कोपऱ्यात.

बाहेर पडून टेकाड चढायचे तर २२६ पायऱ्या आहेत. नेदरलँड्सच्या राजाने हे उभारले, त्याचा मुलगा जिथे जखमी झाला त्या जागी. १८२६ मध्ये पुरे झाले. वरचा सिंह ओतीव लोखंडाचा, २८ टनांचा, तोंड फ्रान्सकडे. एवढी माती आणली ती मैदानातूनच. ज्या उंचवट्याच्या आडोशाला वेलिंग्टनने फौज लपवली होती, त्याचा मोठा भाग खरवडून इथे रचला. माझे रणांगण बिघडवून टाकले, अशी तक्रार त्याने पुढे केली, असे व्हिक्टर ह्यूगो नोंदवतो.

वर पोचलेले लोक धापा टाकत कठड्याला टेकतात. दगडी पायथ्याशी लावलेल्या नकाशावर बोट ठेवून उंचवटा शोधतात. खाली शेते सपाट पसरलेली असतात, त्यांत रस्ता, ट्रॅक्टर, आणि गोल इमारतीचे छप्पर. छपराखाली तो चढ शाबूत आहे, घोडे अजून त्यावरच आहेत. वरती वारा एवढा असतो, की नकाशावरचे बोट काढून आधी टोपी धरावी लागते.