हिमहंसांचे कुरण

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठी ला पेरूज ही उथळ खाडी आहे. पाण्याकडून आत येताना आधी चिखल लागतो, मग बोटभर उंचीचे गवत आणि त्यामागे खुरटी विलोची झुडपे. जमीन इतकी सपाट की ओहोटीला समुद्र कुठे सुरू होतो ते नजरेला ठरवता येत नाही. उन्हाळा आखूड, पण तेवढ्या दिवसांत हा काठ हिमहंसांच्या कलकलाटाने भरून जातो.

त्यांचे मुख्य खाद्य म्हणजे पक्सिनेलिया हे खारे गवत. इथे त्याला सहसा बी धरत नाही. हंसांनी ओरबाडताना तुटलेले तुकडे चिखलात रुजतात आणि त्यातूनच कुरण पसरते. खाणाराच इथे लावणी करतो. चिखलात नायट्रोजनची वानवा असते. हंसांची विष्ठा तो लगेच परत करते आणि चरलेल्या मोकळ्या जागेत वाढणारे नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. त्यामुळे बेताने चरलेले गवत न चरलेल्यापेक्षा अधिक पाला देते. टोरांटो विद्यापीठातील रॉबर्ट जेफरीज आणि सहकाऱ्यांनी हा व्यवहार इथेच वर्षानुवर्षे अभ्यासला.

तो बिघडला तो हजारो किलोमीटर दक्षिणेकडे. हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखाताकाठच्या दलदलीत राहणारे हंस टेक्सास-लुईझियानाच्या भातशेतीत आणि पुढे मक्याच्या शेतांत उतरू लागले. खतांवर पोसलेल्या या आयत्या दाण्यामुळे हिवाळ्यातले मृत्यू घटले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संख्या कित्येक पटींनी वाढली. वसंतात खाडीकाठी पाला फुटण्याआधीच एवढ्या चोची जमिनीत खुपसून मुळे उपसू लागल्या. उघड्या मातीतून बाष्पीभवन वाढले, खालच्या जुन्या सागरी गाळातले मीठ वर आले आणि काही जागी माती समुद्रापेक्षाही खारट झाली. गवत मेले, विलो वाळले. राहिली ती मीठ सोसणारी सॅलिकॉर्निया. दोष हंसांचा म्हणायचा, तर खताची गोणीही त्यांच्या शेजारी उभी करावी लागेल.

हंसांची संख्या आवरण्यासाठी अमेरिकेने 1999 मध्ये त्यांच्या शिकारीचे नियम सैल केले. हिमयुगाच्या बर्फाचे ओझे उतरल्यापासून हा किनारा हळूहळू वर उचलला जात आहे, त्यामुळे गवताला नवा चिखलही मिळत राहतो. मात्र उजाड पट्ट्यांना कुंपण घालून हंस दूर ठेवले, तरी तिथे गवत वर्षानुवर्षे परतत नाही.