लकवा

त्या दिवशी अम्मी फजरच्या वजूला बसली. चूळ भरली, तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून पदरावर आले. दिव्याखाली पाहिले, तोंड उजवीकडे ओढलेले, डावा डोळा मिटत नव्हता. शेजारच्या खाला म्हणाल्या, "लकवा मारलाय. कबुतराचा रस्सा पाजा, वारा लागू देऊ नका."

तो शब्द ऐकून आम्हा भावंडांचे हातपाय गळाले. सात वर्षांपूर्वी चाचांचे तोंड असेच वाकडे झाले होते. तेव्हाही आम्ही लकवाच म्हणालो आणि तावीज, दम केलेले पाणी यांत दिवस घालवला. तो मेंदूचा झटका होता. चाचांचा उजवा हात कायमचा गेला. आता ते तस्बीह डाव्या हाताने फिरवतात.

या खेपेस आम्ही तासाभरात तालुक्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी अम्मीला कपाळाला आठ्या घालायला सांगितले. डाव्या बाजूला एकही आठी उमटली नाही. हातपाय तपासून ते म्हणाले, "ही चेहऱ्याची नस सुजली आहे, बेल्स पाल्सी." कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम जातो. म्हणून झटक्यात बहुधा कपाळ हलते, पण ओठ लोंबतो, हात लुळा पडतो, जीभ अडखळते. तिथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. इथेही स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. फरक घरी ओळखत बसू नये, दोन्ही वेळी धावावेच.

दोन दिवस अम्मीचा कान मागून दुखत होता, सालनाला चव लागत नव्हती. आम्ही ते सर्दीवर ढकलले होते.

लकवा हा शब्द मूळ अरबी. हकिमांच्या ग्रंथांत तो केवळ चेहऱ्यापुरता. अर्धे अंग गेले तर फालिज. अल-राझी (८६५-९२५) यांनी चेहऱ्याच्या या आजारावर तेव्हाच लिहून ठेवले. बुजुर्गांनी वेगळे ठेवलेले दोन आजार आम्ही घरात एका शब्दात कोंबले.

दिवसा डोळ्यात थेंब, रात्री पापणीवर पट्टी, असे अडीच महिने गेले. एका पहाटे अम्मीच्या चुळीचे पाणी ओघळले नाही. आम्ही शुक्र अदा केला. ओट्यावर बसलेल्या चाचांनी विचारले, "मला कुणी कपाळाला आठ्या घालायला सांगितले होते का रे?"

आम्ही खाली मान घातली.