बोटीची वॉरंटी

तर विषय असा, की शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात वर्गणी काढून महापुरासाठी नवी बोट घ्यायचं ठरलंय. फायबरची, मागे पेट्रोल इंजिन. गावातला इंजिनियर मी, त्यामुळे कोटेशन वाचायचं काम माझ्याकडे. (आयटीवाला आहे हो, सांगून उपयोग नाही.) शेवटची ओळ होती: एक्स्टेंडेड वॉरंटी, पंधरा हजार जादा.

"घेऊन टाक की. ऐन पुरात बंद पडली म्हणजे?" सरपंचकाका म्हणाले.

भीती खरीच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर होती. धोका पातळी ४३. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूसजवळच्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोटच उलटली. कितीतरी जीव गेले.

म्हणून अटी नीट वाचल्या. कारखान्यातला दोष असेल तर दुरुस्ती फुकट. ओंडक्यावर आपटून पंखा तुटला, तर नाही. जुनं पेट्रोल साचून कार्बोरेटर तुंबला, तर नाही. आणि आमची बोट वर्षातले अकरा महिने शेडमध्ये राहणार, म्हणजे तुंबणार तेच! बरं, दोष वॉरंटीत बसला तरी पुरातून मेकॅनिक येणार कसा?

मी नको म्हटलं. त्या पैशात जादा लाइफ जॅकेटं आणि वल्ही घेतोय. शिवाय महिन्यातून एकदा इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवायचं. पाळ्या लावल्यात. जूनची माझी, कोल्हापूरहून जाऊन.